भावाच्या मानेचं ऑपरेशन आणि त्याआधीचं एक वर्ष

माझा धाकटा भाऊ बाळू ३८ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. गेल्या डिसेंबरात त्याच्या मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचं ऑपरेशन झालं. पहिली लक्षणं दिसली होती त्याच वर्षीच्या जानेवारीत. मधले महिने ‘हट्टी झालाय’, ‘वय झालं’ आणि ‘डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात असेल’ या तीन उत्तरांभोवती फिरण्यात गेले. आता तो बरा आहे, मला जरा उसंत आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतेय. घरातलं असं एखादं माणूस बदललंय, पण ‘काहीतरी बिनसलंय’ यापलीकडे डॉक्टरांना काय सांगायचं ते सुचत नाही, अशांसाठी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काही औषधोपचार म्हणून घेऊ नका.

जानेवारीत त्यानं डोक्यातून घालायचे टी-शर्ट नाकारायला सुरुवात केली. पुढून बटणं असलेले शर्टच हवेत. मग तीच बटणं त्याला लावता येईनात. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून आडवा उतरू लागला. जेवताना हातातला चमचा सुटायचा आणि तो त्या चमच्यावरच चिडायचा. फेब्रुवारी संपता संपता रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. हे लहानपणी कधीच थांबलं होतं. ‘दुखतंय का?’ विचारलं की ‘नाही’. डोकं, पोट, पाठ, सगळ्याला नन्नाचा पाढा. आणि जरा रेटून विचारलं की सगळ्यालाच ‘हो’.

मार्चमध्ये नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रेमानं पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, “अशा मुलांचं वय लवकर होतं.” (अडतिसाव्या वर्षीही ‘मुलगा’! असो.) त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आल्झायमरशी संबंधित एपीपी हा जीन २१व्या गुणसूत्रावर असतो, डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि म्हणून या लोकांना डिमेन्शिया लवकर गाठतो. पण लवकर म्हणजे निदानाचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. बाळूला माणसांची नावं, गाण्यांचे शब्द, कोणत्या दिवशी कोण येणार, सगळं चोख आठवत होतं. बिघडलं होतं ते हातापायांचं काम.

तरी सुरुवात करायची तिथूनच केली. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, लघवीची तपासणी, डोळे, कान. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडची कुरकुर, कमी ऐकू येणं आणि लवकर येणारा मोतीबिंदू हे इतकं नेहमीचं आहे की या तपासण्या कुणी सांगायची वाट बघू नये. एप्रिलमध्ये कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून दगडासारखा घट्ट मळ काढला. घरी येताना बाळू टीव्हीचा आवाज कमी करायला सांगू लागला, आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सापडलं! आता होईल नीट! मूड खरंच सुधारला. चाल मात्र होती तशीच. एक कारण सापडलं की शोध थांबतो, हा सापळा डॉक्टरांसाठी आहे तसाच घरच्यांसाठीही आहे. या लोकांना एका वेळी तीन-चार दुखणी असणं मुळीच दुर्मिळ नाही.

जूनमध्ये स्मरणशक्तीच्या क्लिनिकची तारीख मिळाली. तिथल्या चाचणीत त्याला चित्रं ओळखायची होती, ती त्यानं ओळखली. आकृती काढायची होती, ती जमेना, कारण पेन्सिलच धरता येईना. कागदावर मात्र ‘आकृती काढता आली नाही’ एवढंच उमटलं. चिडचिडीसाठी रात्री घ्यायची एक गोळी सुरू झाली. तिनं तो दिवसभर पेंगायला लागला आणि पावलं आणखी जड झाली. त्यामुळे चित्र अजूनच गढूळ झालं, कारण आता चाल बिघडायला ‘गोळीमुळे असेल’ हे आयतं उत्तर मिळालं.

याच दिवसांत रात्री जागून वाचायला लागले, तेव्हा ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ ही संज्ञा भेटली. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. त्यांचा मुद्दा मानसिक आजारांबद्दल होता: समोरच्याला बौद्धिक अक्षमता आहे हे कळलं की बाकीची लक्षणं तिच्याच खात्यावर जमा होतात. पुढे शारीरिक आजारांबाबतही हेच घडतं हे ध्यानात आलं. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तींच्या मृत्यूंची गोपनीय चौकशी झाली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा २० वर्षं आधी मरण पावल्याचं दिसलं, आणि निदानाला व उपचाराला झालेला उशीर हे त्यामागचं एक ठळक कारण निघालं. ते आकडे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद घेऊन बसले.

त्या कागदानं आमचं काम केलं, म्हणून तो कसा केला ते सविस्तर सांगते. मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘मागच्या वर्षी’, उजवीकडे ‘आता’. मागच्या वर्षी: जिना एका हातानं कठडा धरून, पावलागणिक पायरी. आता: दोन्ही हात, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं, मध्ये थांबतो. मागच्या वर्षी: शर्टाची सगळी बटणं स्वतः. आता: एकही नाही. मागच्या वर्षी: हाक मारली की मान वळवून बघायचा. आता: सगळं अंग वळवतो. ही शेवटची ओळ लिहितानाच मला पहिल्यांदा मानेचा संशय आला. टी-शर्टाचं कोडंही तिथेच सुटलं. डोक्यातून कपडा ओढताना मान मागे-पुढे होते, आणि तेच त्याला नको होतं.

‘त्याला नीट चालता येत नाही’ असं मी म्हटलं की ऐकणारा त्याची तुलना तुमच्या-माझ्या चालण्याशी करायचा, किंवा मनातल्या ‘अशा लोकांच्या’ चालण्याशी, आणि दोन्हीकडून उत्तर एकच यायचं, की यात नवल ते काय. तुलना त्याची त्याच्याशीच व्हायला हवी होती. म्हणून फोन धुंडाळून एका समारंभातला त्याचा नाचतानाचा व्हिडिओ काढला. त्याच्याशेजारी आताचं चालणं, बटणं लावायचा प्रयत्न, जिना. प्रत्येक तुकडा अर्ध्या मिनिटाच्या आत, कारण ओपीडीत त्याहून जास्त कुणी बघत नाही. फाइलच्या नावातच तारीख टाकली.

ऑगस्टमध्ये त्या रात्रीच्या गोळीबद्दल दुसरं मत घ्यावं म्हणून एका वयस्कर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मानेचा विषय निघेल असं काही मनात नव्हतं. त्यांनी कागद वाचला, व्हिडिओ पाहिले, दोनदा पाहिले, आणि बाळूला विचारलं, “मोजा काढू का रे तुझा?” बाळूनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग त्यानं पाय पुढे केला. डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या बोथट टोकानं तळव्याच्या बाहेरच्या कडेनं टाचेपासून चवड्यापर्यंत रेघ ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर उचलला गेला, बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. दुसऱ्या पायाचंही तेच. घोटा झटक्यात वर ढकलल्यावर पाऊल काही वेळ आपोआप थरथरत राहिलं. बाळूला गुदगुल्या होऊन हसू येत होतं. डॉक्टर हसत नव्हते.

मोठ्या माणसाचा अंगठा असा वर जाणं म्हणजे मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये ही खूण नोंदवली, आणि तिला लागतं काय, तर एक किल्ली. त्याआधीच्या कुठल्याही भेटीत कुणी बाळूचा मोजा काढला नव्हता. डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्यानं बंद करायची चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘डाउन सिंड्रोम, मज्जारज्जूवर दाबाची चिन्हं, मानेच्या वरच्या मणक्यांची अस्थिरता आहे का पाहावं, तातडीचं.’ त्या ‘तातडीचं’ या शब्दानं पुढच्या खिडक्यांवर बरंच काम केलं. रेफरल चिठ्ठीत संशय नेमका लिहून घ्या आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. ‘चालण्याचा त्रास’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी ढिगाच्या तळाशी जाते.

डाउन सिंड्रोममध्ये सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती फिरतो. तिथला बंध सैल असेल तर मान वाकवताना पहिला मणका पुढे घसरतो आणि मागून जाणारा मज्जारज्जू चिमटीत सापडतो. एक्स-रेवर अशी ढिलाई दहा ते वीस टक्के लोकांत दिसते. त्रास मात्र एक-दोन टक्क्यांनाच होतो. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, पण नवी लक्षणं दिसली तर ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडायचंही नाही.

आमच्याकडे त्याच्या लहानपणीचा मानेचा एक्स-रे होता, ‘नॉर्मल’ असा शेरा मारलेला. सप्टेंबरात न्यूरोसर्जनच्या ओपीडीतल्या शिकाऊ डॉक्टरांनी तो पाहून फाइल मिटायलाच घेतली होती. मोठ्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं, की एकदा नॉर्मल आलेला एक्स-रे जन्मभराची हमी नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०११ च्या सूचनांतही लक्षणं नसलेल्या मुलांचे सरसकट एक्स-रे काढू नका असंच सांगितलंय, कारण पुढे कुणाला त्रास होईल हे त्यावरून कळत नाही. लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर.

नवे एक्स-रे मान सरळ, पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे काढले. ही सूचना पाठ करून जा: मान त्याची त्यानंच हलवायची, जमेल तेवढीच. कुणी धरून वाकवायची नाही. तंत्रज्ञ घाईत होते आणि मदतीला पुढे झाले, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. मी समोर उभी राहून ‘बुटांकडे बघ, आता दिव्याकडे बघ’ म्हणत गेले आणि काम झालं. मोठ्यांमध्ये त्या दोन मणक्यांतलं पुढचं अंतर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असतं. बाळूचं पुढे वाकल्यावर ९ भरलं. त्याच दिवशी कडक कॉलर लागली.

एमआरआयसाठी स्थिर पडून राहावं लागतं. यंत्राच्या आवाजाची ध्वनिफीत लावून आम्ही घरी पलंगावर सराव केला. आवाजाला तो सरावला, पण पाठीवर झोपून चेहऱ्यासमोर काही आलं की उठून बसायचा. म्हणजे भूल देऊन एमआरआय. त्यासाठी तंत्रज्ञ, यंत्र आणि भूलतज्ज्ञ तिघं एकाच वेळी मोकळे हवेत, त्यामुळे रांग वेगळी आणि लांब. खर्चही साध्या एमआरआयपेक्षा बराच जास्त, कारण भूल, औषधं आणि नंतर देखरेखीचा बेड हे बिलात वेगवेगळं लागतं. अंदाजपत्रक मागताना या सगळ्या ओळी त्यात आहेत का ते विचारा. आयत्या वेळी कुणाची तारीख रद्द झाली तर आम्हाला बोलवा, असं खिडकीवर लिहून दिलं होतं. ऑक्टोबरच्या मध्यात तसाच फोन आला.

भूलतज्ज्ञांनी आधी हृदयाची इको मागितली. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, म्हणून जुना रिपोर्ट असला तरी नवा हवा. एका भुलीत जमेल तेवढं उरकून घ्यावं म्हणून मी रक्ततपासणी, कान आणि दात अशी यादीच नेली होती. रक्त आणि कान त्यांनी मान्य केले. दातांना साफ नकार, कारण तोंड मोठं उघडताना मान मागे जाते. पटलं. उपाशी ठेवायचं असल्यानं सकाळचा पहिला नंबर मागितला होता, तो मिळाला. भुकेला बाळू आणि तीन तासांची प्रतीक्षा हे समीकरण कुणालाच झेपलं नसतं.

रिपोर्टमध्ये मज्जारज्जू दबलेला होता आणि त्या जागी पांढरी खूण होती, म्हणजे आत इजा झालेली. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरीण बाईंनी गोड बोलून काही लपवलं नाही. “गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. आणखी जाऊ नये म्हणून हे करायचं. आणि यांच्यात हाड जुळायला त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.”

मग कागदांचा महिना. बाळू सज्ञान आहे, मग सही कुणाची? आमच्याकडे पालकत्वाचा आदेश होता, पण रुग्णालयाला हवी होती प्रमाणित प्रत, आणि तीही अलीकडची. विमा कंपनीनं हा आजार जन्मजात आहे का असा प्रश्न टाकून फाइल अडवली. त्यावर डॉक्टरीण बाईंनी पत्र दिलं: सिंड्रोम जन्मजात आहे, मज्जारज्जूवरचा दाब या वर्षीचा आहे. पत्रासोबत जुना एक्स-रे जोडला. एरवी आम्हाला नडलेला तो ‘नॉर्मल’ शेरा इथे कामी आला. मंजुरी मिळाली, पण पूर्ण रकमेची नाही. सगळ्यात मोठी ओळ स्क्रू आणि सळ्यांची होती. ते टायटॅनियमचे असतात, म्हणजे पुढे एमआरआय करता येतो, हे विचारून घ्या.

बाळूचीही संमती घेतली, त्याच्या पद्धतीनं. चित्रं काढून दाखवलं: झोप, मानेला स्क्रू, उठल्यावर कॉलर, ताई शेजारी. त्यानं कॉलरवर फुली मारली. बाकी चाललं.

त्या वाटेवर बाकांवर भेटलेली माणसंही लक्षात राहिली. एका आईच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचा पाठीचा कणा वाकत चालला होता. ते कळलं कशावरून, तर व्हीलचेअरची उशी एकाच बाजूनं झिजू लागली होती. एका गृहस्थांचा मुलगा वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या घेत होता. त्यातल्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि तो फक्त जेवायचा थांबला होता, रडला नव्हता.

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. मानेच्या मागून, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून ते सळ्यांनी जोडायचे आणि कमरेचं थोडं हाड तिथे लावायचं. ही पद्धत गोएल-हार्म्स या नावानं ओळखली जाते. त्यातले अतुल गोएल मुंबईचे, त्यांनी स्क्रू आणि पट्ट्यांची मूळ पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली; पट्ट्यांऐवजी सळ्या वापरायचा बदल पुढे हार्म्स यांनी केला. बाळू सकाळी आत गेला आणि दुपार उलटल्यावर आयसीयूत आला.

तिथे मी एक पानी माहिती पलंगाला अडकवली होती. त्याला बाळू म्हणा. डावीकडून बोला, त्या कानानं नीट ऐकू येतं. दुखलं की तो बोलत नाही, भुवया आवळतो आणि अंगठा मुठीत घट्ट धरतो. ‘दुखतंय का’ विचारू नका, चेहरा बघा. रात्रपाळीच्या नर्सनं ते वाचून ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी वापरायला घेतली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत करता येणं यांवर गुण देऊन ती वेदना मोजते. आणि मागण्याची वाट न बघता वेदनाशामक घड्याळानुसार सुरू झालं. न मागणाऱ्याला औषध मिळत नाही, म्हणून एवढी एक गोष्ट आधीच लिहून घ्याच. त्या औषधांनी बद्धकोष्ठता होते, तिचीही गोळी सोबतच सुरू करायला सांगा, नाहीतर पोट फुगून नवीनच चिडचिड सुरू होते आणि तिला पुन्हा ‘स्वभाव’ म्हटलं जातं.

कॉलर तीन महिने होती. हनुवटीखाली आणि मानेच्या मागे कातडी लाल होते का ते रोज बघायचं, घाम टिपायचा. पहिल्या आठवड्यात तो ती काढायचा प्रयत्न करायचा. मग त्यानं तिच्यावर स्टिकर लावले आणि ती ‘त्याची’ झाली. पुढे कॉलर काढायच्या दिवशी त्यानं भांडण काढलं, तो वेगळाच प्रसंग.

अंथरूण ओलं होणं जानेवारीअखेर थांबलं. चमचा मार्चमध्ये परत हातात बसला. बटणं अजून अर्धीच लावतो, वरची दोन माझ्याकडे. लांब जायचं असेल तर वॉकर लागतो आणि बहुधा लागतच राहील. डोकं वळवण्याचं जवळपास निम्मं काम त्या दोन मणक्यांमध्ये होतं, ते आता जखडलेले आहेत, त्यामुळे मागे बघायला तो सगळाच वळतो. फिजिओबाई त्याला गाण्यावर पावलं टाकायला लावतात, कारण मोजून व्यायाम करायला तो साफ नाही म्हणतो. सीटी स्कॅनमध्ये हाड जुळू लागल्याचं दिसलं आहे, वर्ष झाल्यावर पुन्हा बघणार आहेत.

तुमच्याकडे सावकाश बदल असतील तर वर सांगितलेला कागद आणि व्हिडिओ घेऊन जा. पण पाय अचानक लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. मान न हलवता थेट तातडीच्या विभागात न्या.

बाळूच्या पाकिटात आता एक कार्ड असतं: मानेचे पहिले दोन मणके स्क्रूनं जोडलेले आहेत, भूल देताना किंवा श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे नेऊ नये. राहिलेलं दातांचं काम पुढच्या महिन्यात आहे. दंतवैद्यांना ते कार्ड पुरणार नाही म्हणाले, भूलतज्ज्ञांचं पत्र हवं, तेही त्यांच्याच नमुन्यात. अर्ज काल दिला.